प्रभार कोणाकडे?

(२०२४ च्या गणेशोत्सवात, सहाव्या दिवशी सायंकाळच्या आरतीपूर्वी मंडळाच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर.)



सचिवांचा मला पहिला फोन आला तेव्हा विषय वेगळा ठरला होता. ते म्हणाले, "तू बांधकामाच्या खात्यातला. पावसाळ्यात रस्ते का उखडतात यावर अर्धा तास बोल. लोक भांडतील, मजा येईल." शहरातले बहुतेक रस्ते माझ्या खात्याचे नाहीत, पण शिव्या मलाच खाव्या लागतात, त्यामुळे विषय ओळखीचा होता. दोन दिवसांनी मीच फोन करून विषय बदलून मागितला. नोकरीतल्या बायका, त्यांचा पगार आणि त्यांची बढती. सचिव जरा गप्प झाले. मग म्हणाले, "महिला मंडळाच्या दिवशी ठेवू या का?" मी म्हटलं, नको. त्या दिवशी फक्त बायका येतात, आणि त्यांना हे सगळं ठाऊक आहे.

मी काही वक्ता नाही. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून राज्य शासनात उपयंत्री म्हणून लागलो, त्याला वीसेक वर्षं झाली. मापं घेणं, एम. बी. भरणं, अंदाजपत्रक करणं, एवढंच लिखाण हातून झालंय. म्हणून कागद लिहून आणलाय. मधे हिंदी शब्द आले तर चालवून घ्या. दफ्तरात दिवसभर तीच भाषा, आणि इंदूरच्या मराठी माणसाची मराठी तशीही पोह्यांवर शेव घालावी तशीच असते.

आधी एक गोष्ट मान्य करून टाकतो, म्हणजे मागच्या खुर्च्यांवरून ती येणार नाही. सरकारी नोकरीत बाई-पुरुष पगार सारखाच असतो. अगदी खरं आहे. ज्या पदाची जी वेतनश्रेणी, ती दोघांना. महागाई भत्ता तोच, वार्षिक वेतनवाढ तीच. राज्यघटनेच्या सोळाव्या कलमात सरकारी नोकरीतली संधीची समानता आहे, एकोणचाळिसाव्यात समान कामाला समान वेतन आहे. मी इतकी वर्षं हेच सांगत आलो. लग्नाकार्यात कुणी खासगी कंपनीतल्या मुलींच्या पगाराचं रडगाणं लावलं की मी म्हणायचो, आमच्याकडे या, आमच्याकडे असलं काही नाही.

दुसरंही एक ऐकू येतं. ज्या शहराच्या विमानतळाला अहिल्याबाईंचं नाव, विद्यापीठाला अहिल्याबाईंचं नाव, तिथे बाईमाणसाला कमी कोण लेखतं? मला वाटतं, विमानतळाला नाव देणं सोपं असतं. उपसंभागाचा प्रभार देणं अवघड.

हा प्रभार म्हणजे काय, ते सांगतो. सरकारी घरांतल्या लोकांनी दोन मिनिटं डोळे मिटून घेतले तरी चालेल.

आपल्या मध्य प्रदेशात ३० एप्रिल २०१६ ला उच्च न्यायालयानं २००२ चे पदोन्नती नियम रद्द केले. वाद आरक्षणाचा होता, आजच्या विषयाशी त्याचा संबंध नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तेव्हापासून, म्हणजे आठ वर्षं, नियमित पदोन्नत्या थांबल्या. हजारो लोक आहेत त्याच पदावरून निवृत्त झाले. पगाराचं तसं फार अडलं नाही, कारण ठरावीक वर्षं भरली की समयमान वेतनमान मिळतं. वरच्या श्रेणीचा पगार हातात पडतो, पद मात्र जुनंच. पण वरची पदं रिकामी होत गेली, ती चालवायची कुणी? मग खालच्या माणसाला "प्रभारी" म्हणून बसवायचं. सहायक यंत्र्याची खुर्ची रिकामी, तर एखाद्या उपयंत्र्याला उपसंभागाचा प्रभार द्या. तो एसडीओचं काम करतो, गाडी वापरतो, मापं तपासून सही करतो, ठेकेदार त्याच्याकडे येतात. पगार उपयंत्र्याचाच.

पदोन्नतीला नियम असतात, समिती बसते, पदक्रम सूची बघावी लागते, कुणाला डावललं तर कारण लिहावं लागतं. प्रभाराला रिवाजानं इतकंच लागतं, की साहेबाच्या मनात एक नाव यावं आणि वर कुणी हरकत घेऊ नये.

२०२१ मध्ये आमच्या साहेबांच्या मनात माझं नाव आलं.

आमच्या संभागात एक मॅडम आहेत. त्यांचं नाव घेणार नाही, आणि खात्याचंही नाही. त्याही उपयंत्री. पदक्रम सूचीत माझ्यापेक्षा अकरा क्रमांक वर. नोकरीच्या सुरुवातीला एका पुलाच्या कामावर त्यांनी सलग दोन पावसाळे काढलेत. त्या कामाचा पाया मी नंतर पाहिला, म्हणून सांगतो, असं काम हल्ली कमी दिसतं. दुसऱ्या बाळंतपणानंतर त्यांना दफ्तरात अंदाजपत्रकाच्या टेबलावर घेतलं. तेव्हा त्यांनाही ते हवं होतं, लेकरू लहान होतं. साहेबांनी सोय केली, चांगलं केलं. पण ती सोय नऊ वर्षं चालली. लेकरू चौथीत गेलं तरी मॅडम टेबलावरच. मधे दोनदा त्यांनी तोंडी विचारलं होतं. "बघू" असं उत्तर मिळालं. आमच्याकडे "बघू"ला मुदत नसते.

त्या नऊ वर्षांत आम्ही सगळे साइटवाले त्यांच्याच जिवावर होतो. दरसूचीतली नवी बाब कळली नाही, मॅडमना विचार. निविदेच्या मसुद्यात घोळ झाला, मॅडमना विचार. मला अंदाजपत्रक बारकाईनं वाचायला त्यांनी शिकवलं. मी डिप्लोमात जे शिकलो नाही ते त्यांच्या टेबलाशेजारच्या स्टुलावर बसून शिकलो.

प्रभाराचा आदेश निघण्याच्या आदल्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, नियमानं मॅडमचं नाव आधी येतं, पण साइट रात्री-बेरात्रीची, ठेकेदारांशी तोंड वाजवावं लागतं, त्यांना कशाला त्रास. घरी मुलं आहेत. साहेब वाईट माणूस नव्हेत, हे मुद्दाम सांगतो. त्यांच्या आवाजात मॅडमविषयी खरोखर काळजी होती. फक्त त्यांनी मॅडमना विचारलं नव्हतं. आणि घरी मुलं मलाही आहेत, दोन. ते त्यांना ठाऊक होतं, माझ्या मुलीच्या बारशाला ते जेवून गेले होते.

मी काय म्हटलं? "जैसा आप कहें, सर."

दुसऱ्या दिवशी आदेश निघाला. मॅडम माझ्या खोलीशी आल्या, म्हणाल्या, "बधाई हो, भैया." आणि परत जाऊन टेबलावर बसल्या. त्यांच्या तोंडावर राग नव्हता. मला तो हवा होता, असं आता वाटतं. पेढे मी सगळ्यांना वाटले, त्यांच्या टेबलापाशी गेलो तेव्हा डबा लवकर पुढे सरकवला.

आता विचार करा, मॅडमनी तक्रार काय करायची? पगार एका रुपयानं कमी झालेला नाही. पदोन्नती डावललेली नाही, कारण पदोन्नतीच नाही. पदावनती नाही. कागदावर त्या आणि मी आजही समान. पण तीन वर्षांत माझ्या नावावर एका उपसंभागाचा कारभार जमला, आणि त्यांच्या नावावर काही नाही, कारण अंदाजपत्रकाखाली सही माझी असते. उद्या पदोन्नत्या सुरू झाल्या आणि समितीसमोर दोघांच्या फायली गेल्या, तर कुणाची फाइल जाड दिसेल?

फायलीवरून सी. आर. ची गोष्ट आठवली. गोपनीय प्रतिवेदन. वर्षातून एकदा वरिष्ठ तुमच्याबद्दल चार ओळी लिहितो. माझ्यात यायचं, "क्षेत्रीय कामाचा उत्तम अनुभव, निर्णयक्षमता आहे." मॅडमनी मला त्यांची प्रत दाखवली होती. "कार्यालयीन कामात दक्ष, स्वभाव सौम्य, वक्तशीर." वाईट एकही शब्द नाही. पण एसडीओ निवडायचा असेल तर सौम्य स्वभावाला कोण विचारतं? साइट दिलीच नाही तर साइटचा अनुभव लिहिणार कुठून?

मला वाटायचं, ही आमच्या एका दफ्तरातली गोष्ट. मग सैन्यातल्या महिला अधिकाऱ्यांचा खटला वाचला आणि चकित झालो. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की अल्पकालीन सेवेतल्या महिला अधिकाऱ्यांनाही पुरुषांप्रमाणे कायम कमिशनसाठी विचारात घ्या. सैन्यानं निवड मंडळ बसवलं. पण निकष लावताना काय केलं? त्या बायकांचे पाचव्या किंवा दहाव्या वर्षापर्यंतचेच वार्षिक अहवाल बघितले. पंधरा-सतरा वर्षं नोकरी झालेल्या अधिकारी होत्या त्या, पुढची सगळी कामगिरी बाजूला. आणि जे जुने अहवाल बघितले ते लिहिले गेले तेव्हा या बायकांना कायम कमिशन मिळणारच नव्हतं. लिहिणाऱ्यानंही निष्काळजीपणे लिहिले, कशाला डोकं लावायचं? पुरुषाची शारीरिक पात्रता ज्या तरुण वयात तपासली जाते, तीच कसोटी या बायकांना चाळिशी-पन्नाशीत लावली. २५ मार्च २०२१ च्या निकालात न्यायालयानं, नितीशा आणि इतर विरुद्ध भारत सरकार असं त्या प्रकरणाचं नाव, याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हटलं. नियम वरवर सगळ्यांना सारखा दिसतो, पण त्याचा मार एकाच बाजूला बसतो. त्यासाठी कुणाचा हेतू वाईट असायची गरज नाही.

मी तो निकाल वाचला तेव्हा माझ्या प्रभाराच्या आदेशाला काही महिनेच झाले होते. तारखा जुळल्या म्हणून नव्हे, पण झोप मात्र लागली नाही.

याच्या खूप आधीचं एक उदाहरण सांगतो, कारण तरुण मुलींना ते ठाऊक नसतं. सी. बी. मुथम्मा. भारतीय परराष्ट्र सेवेतल्या पहिल्या महिला अधिकारी, १९४९ मध्ये रुजू झाल्या. रुजू होतानाच त्यांच्याकडून लिहून घेतलं होतं, की लग्न केलं तर राजीनामा देईन. पुढे नियमच होता, महिला अधिकाऱ्यानं लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यायची, आणि संसारामुळे कामात अडथळा येतो असं सरकारला वाटलं तर राजीनामा मागता येईल. पुरुषाला असलं काही नाही. त्यांना वरच्या श्रेणीची बढती नाकारली गेली तेव्हा त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९७९ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्यापुढे प्रकरण आलं. गंमत अशी, की प्रकरण चालू असतानाच सरकारनं त्यांना बढती देऊन टाकली आणि याचिका फेटाळली गेली. पण न्यायमूर्तींनी सरकारला सुनावलं: संसारानं बाईच्या कामात अडथळा येत असेल तर पुरुषाच्या कामातही येऊ शकतो. नियम तपासून दुरुस्त करायला सांगितलं. आमच्या साहेबांनी मला दोन मुलांच्या बापाला प्रभार दिला तेव्हा ४२ वर्षांपूर्वी लिहिलेलं ते वाक्य कुणाच्या कामी आलं नाही. माझ्याही नाही.

आता खासगी नोकरी. तिथलं मला कमी कळतं, म्हणून थोडक्यात. आपल्या मंडळातल्या किती मुली पुण्याला, बंगळुरूला कंपन्यांत आहेत, हात वर करायला लावत नाही. तिथे शेजारच्या टेबलावरच्या मुलाचं पॅकेज काय, ते विचारायचीच बंदी. मुलाखतीत आधीचा पगार विचारतात आणि त्यावर टक्के चढवतात, म्हणजे पहिल्या नोकरीत मुलगी कमी पगारावर लागली की ती कमतरता जन्मभर बरोबर फिरते. २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल क्लॉडिया गोल्डिन यांना मिळालं ते याच अभ्यासासाठी. अमेरिकेतले दोनशे वर्षांचे आकडे त्यांनी काढले. त्यांचं म्हणणं, पूर्वीचा फरक शिक्षणाचा आणि व्यवसायाचा होता, आता बराचसा फरक एकाच व्यवसायातल्या बाई-पुरुषांत आहे, आणि तो मुख्यतः पहिलं मूल झाल्यावर पडतो. आमच्या अंदाजपत्रकाच्या टेबलावर तेच घडलं होतं.

क्रिकेटवाल्यांसाठी एक. ऑक्टोबर २०२२ मध्ये बीसीसीआयनं महिला आणि पुरुष खेळाडूंचं सामन्याचं मानधन सारखं केलं. कसोटीला १५ लाख, एकदिवसीयला ६ लाख, टी-ट्वेंटीला ३ लाख. चांगलं झालं, मी टाळ्या वाजवल्या. पण आपल्या मुली कसोट्या खेळतात किती? वर्षाला एखाददुसरी, कधी तीही नाही. आणि त्या वेळी वार्षिक करारात पुरुषांची वरची श्रेणी ७ कोटींची होती, बायकांची वरची ५० लाखांची.

आता जरा घरच्या अंगणात येतो. माझी आई इथल्या एका खासगी शाळेत शिकवत असे, १९८० च्या सुमाराला. तिच्याइतक्याच वर्षांच्या एका गुरुजींना महिन्याला तिच्यापेक्षा जास्त मिळायचे. कारण उघड सांगितलं जायचं: त्यांना घर चालवायचं असतं. गुरुजी सडेफटिंग होते. आमच्याकडे पाच माणसं होती आणि वडिलांची नोकरी अधूनमधून असायची. आई आजही म्हणते, तेव्हा ते कुणाला चुकीचं वाटलंच नाही, मलासुद्धा.

तेव्हा कायदा नव्हता असं नाही. समान वेतन कायदा १९७६ चा आहे. समान किंवा समान स्वरूपाच्या कामाला बाई-पुरुषांना सारखं वेतन, असं तो सांगत असे. १९८७ च्या दुरुस्तीनं त्यात भरतीच्या पुढचंही आलं, पदोन्नती, प्रशिक्षण, बदली. २०१९ च्या वेतन संहितेत हा कायदा सामावून घेतला आहे. यातले "समान स्वरूपाचं काम" हे शब्द महत्त्वाचे. मुंबईत मॅकिनन मॅकेंझी नावाच्या कंपनीत ऑड्रे डिकोस्टा नावाच्या बाई स्टेनोग्राफर होत्या. साहेब लोकांच्या खास स्टेनो सगळ्या बायका, आणि बाकीच्या कामाचे स्टेनो पुरुष. पुरुषांची वेतनश्रेणी वरची. डिकोस्टाबाई भांडल्या. कंपनी म्हणाली, यांचं काम वेगळं, शिवाय युनियनशी करार झालाय, शिवाय आमच्याकडे पैसे नाहीत. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिन्ही कारणं बाजूला सारली. कामाचं नाव वेगळं ठेवलं, टेबल वेगळं मांडलं, म्हणून काम वेगळं होत नाही. त्या कामाला कष्ट, कौशल्य आणि जबाबदारी किती लागते ते बघा.

हे मनात ठेवून मी आपल्या मंडळाची गेल्या वर्षीची हिशेबवही पाहिली. मी सहकोषाध्यक्ष आहे, तेव्हा चोरून पाहिली असं कुणी म्हणू नये. महाप्रसादाच्या दिवशी आचाऱ्याबरोबर चार मदतनीस येतात. भाज्या चिरणं, पातेली उचलणं, वाढणं. आणि सहा बायका येतात, पोळ्या लाटायला. मदतनिसाला दिवसाचे ७००. पोळ्या लाटणाऱ्या बाईला ४५०. दोघं सकाळी सहाला येतात, दोघं चारला जातात. हे दर मीच लिहिलेत, अक्षर माझंच आहे. आठ वर्षांपूर्वी ४०० आणि २५० होते, तेव्हापासून आपण दरवर्षी इमानदारीनं दोन्ही वाढवत आणले आणि मधलं अंतरही वाढवत आणलं. कुणी म्हणेल पातेलं जड असतं. असतं. तुम्ही कधी पाचशे माणसांच्या पोळ्या लाटल्यात का? मनगटाचं काय होतं, हे समोर बसलेल्या कुठल्याही काकूंना विचारा.

साइटवरही हेच. झाबुआ-अलीराजपूरकडून जोडपी येतात. नवरा मजूर, बायको रेजा. तो खणतो, ती टोपलं वाहते. सरकारनं ठरवलेल्या किमान वेतनात बाई-पुरुष असा भेद नाही, पण ठेकेदाराच्या हातून रेजाला मजुरापेक्षा कमी पडतात, आणि पुष्कळदा दोघांचे पैसे नवऱ्याच्याच हातात. मी इतकी वर्षं तिथे उभा राहून खडीची मापं घेतली.

आपल्या मंडळाला तो कायदा लागू होतो की नाही, ते वकीलकाकांनी सांगावं. पण त्या कायद्यातली एक तरतूद ऐका: समानता आणण्यासाठी कुणाचा दर कमी करायला मनाई आहे. म्हणजे मदतनिसांना ४५० वर आणून प्रश्न मिटवता येणार नाही. सहा बायकांचे २५० रुपयांप्रमाणे १,५०० रुपये होतात. गेल्या वर्षी डीजेला आपण किती दिले तो आकडा मी इथे सांगत नाही. येत्या रविवारी कार्यकारिणीची बैठक आहे, तिथे सांगेन.

रजेबद्दल एक बोलतो, यावर घरात माझंच ऐकून घेतलं गेलं नाही. आमच्याकडे महिला कर्मचाऱ्यांना संपूर्ण नोकरीत ७३० दिवसांची संतान पालन रजा आहे. अनेक पुरुष सहकारी याला फुकटची सुट्टी म्हणतात. मी तसं म्हणत नाही, ती रजा नसती तर कितीतरी बायकांनी नोकरी सोडली असती. पण तिचा एक परिणाम दिसतो. मूल आजारी पडलं की रजा आईची, आणि ती तिच्या फायलीवर दिसते. माझ्या मुलीला डेंगू झाला तेव्हा आठ दिवस बायको घरी राहिली. ती खासगी शाळेत आहे, तिचे आठ दिवसांचे पैसे कापले गेले. माझ्या खात्यात भरपगारी अर्जित रजा साठून पडली होती. तरी मी एकही घेतली नाही, कारण त्या आठवड्यात साहेबांची तपासणी होती. सी. आर. मध्ये आलं, "कामास सदैव उपलब्ध." हे उपलब्ध असणं कुणाच्या पगारातून कापून आलं, ते लिहायला रकाना नाही. बायकोला हे मी आत्ता म्हणून दाखवलं तर म्हणाली, भाषणात सांगू नकोस, पुढच्या वेळी रजा घे.

आता शेवटचं. हे भाषण ठरल्यावर मी मॅडमकडे गेलो. म्हटलं, तुमची गोष्ट नाव न घेता सांगणार आहे, चालेल का? आणि म्हटलं, त्या वेळी मी बोलायला हवं होतं, माझी चूक झाली. त्यांनी फाइल बंद केली, चष्मा काढला. म्हणाल्या, गोष्ट सांगा, हरकत नाही. चूक वगैरे राहू द्या. शेजारच्या उपसंभागाचे प्रभारी डिसेंबरमध्ये निवृत्त होताहेत, मी अर्ज करणार आहे. तीन वर्षांत तुमच्या उपसंभागाची अंदाजपत्रकं आणि निविदांचे मसुदे कुणी केले, ते मला लेखी द्या. तारखेसकट.

मी म्हटलं, देतो. आणि घरी येऊन विचार करू लागलो. लेखी दिलं म्हणजे माझ्या सहीखालचं काम दुसऱ्याचं होतं हे मीच कबूल करणार. एक मित्र म्हणाला, वेडा आहेस का, उद्या पदोन्नती सुरू झाली तर हाच कागद तुझ्याविरुद्ध काढतील. ते खोटं नव्हतं. अकरा क्रमांकांचं अंतर आहे, आणि त्या वर आहेत. आठ दिवस मी त्यांच्या टेबलासमोरून जायचं टाळलं. मागच्या जिन्यानं जात होतो.

नवव्या दिवशी यादी करायला बसलो. सत्तावीस अंदाजपत्रकं निघाली. माझ्या आठवणीत बारा-तेरा होती. एकेकाची फाइल काढून तारीख लिहिली, त्यातल्या टिपणांतलं अक्षर त्यांचं आहे हेही लिहिलं. आदेश निघण्याआधी साहेबांनी जे म्हटलं, ते लिहावं की नाही यावर अडलो. शेवटी इतकंच लिहिलं, की पदक्रम सूचीनुसार त्या माझ्यावर होत्या, हे मला त्या वेळी माहीत होतं. कार्यपालन यंत्र्यांच्या नावानं पत्र केलं आणि आवक शाखेत देऊन शिक्का घेतला. गेल्या मंगळवारची गोष्ट.

त्याची एक प्रत मॅडमना दिली. त्यांनी सत्तावीसही ओळी वाचल्या. मग पेन्सिलीनं एकोणिसाव्या ओळीवर खूण केली, म्हणाल्या, ही तारीख चुकलीय, हे मार्चमधलं आहे. दुरुस्तीचं पत्र मी काल दिलं.

अर्जाचं काय होतं ते डिसेंबरात कळेल. आरतीची वेळ झालीय, गुरुजी केव्हाचे दारात उभे आहेत. थांबतो.